मदत हवी आहे: गॅमा सेलमधल्या फायबरचा लॉस वाढतच चाललाय

मंडळी नमस्कार, मी एका गॅमा इरॅडिएशन प्लांटला इन्स्ट्रुमेंटेशन बघतो, मेडिकलचा माल निर्जंतुक करायचं काम, कोबाल्ट-60 सोर्स. सेलच्या आत (म्हणजे मालावर गॅमा किरण सोडतात त्या बंद खोलीत) इलेक्ट्रॉनिक्स टिकत नाही म्हणून कन्व्हेयरची पोझिशन प्रकाशावरच घेतो, साधी मल्टिमोड फायबर 50/125, 850 नॅनोमीटरचा एलईडी. सेलमध्ये जाऊनयेऊन चाळीसेक मीटर. सात महिन्यांत लॉस (फायबरमध्ये वाटेत वाया जाणारा प्रकाश) 6 डीबीने वाढलाय, म्हणजे पूर्वीच्या पावपट प्रकाश परत येतोय आणि सिग्नल अधूनमधून उडतो.

आधी वाटलं कनेक्टर घाण झाले असतील, सगळे पुसले, दोन बदलले, ढिम्म फरक नाही. मग ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून कुठे किती लॉस होतो ते रेघेवर दाखवणारं यंत्र) मागवला तर भिंतीपर्यंत रेघ जवळजवळ सपाट आणि भिंत ओलांडली की नुसती घसरगुंडी, पायरी कुठेच नाही, म्हणजे एका जागी तुटलंय-वाकलंय असं काही नाही, अख्खी काचच काळवंडतेय. (सेलमध्ये राहिलेली काचेची बाटली चहाच्या रंगाची होते हे आम्ही नेहमी बघतो, तरी डोक्यात आलं नाही, हसू नका.) पीव्हीसीचं जॅकेटपण पिवळट, कडक झालंय.

गंमत म्हणजे मेंटेनन्सला कोबाल्टचा सोर्स दोन दिवस पाण्यात ठेवला (म्हणजे सेलमध्ये गॅमा बंद) की डीबीभर लॉस कमी होतो, वर काढला की चार दिवसांत जैसे थे. वाचलं त्यावरून गॅमामुळे काचेत सुटलेले इलेक्ट्रॉन दोषांच्या जागी अडकून कलर सेंटर बनतात, ते प्रकाश खातात, आणि खोलीच्या तापमानालाही काही मोकळे होतात.

आता प्रश्न. सप्लायर म्हणतो सिंगलमोड (बारीक गाभ्याची फायबर) टाका, 1550 नॅनोमीटरवर जा, तिथे लॉस किलोमीटरला 0.2 डीबीच. अहो पण तो कोऱ्या काचेचा आकडा झाला! काचेत फॉस्फरस मिसळलेला असेल तर त्याचं एक कलर सेंटर 1600 च्या आसपासच शोषतं, मग 1550 वर जाऊन आगीतून फुफाट्यात नको. फॉस्फरसवाली सहसा सुधारत नाही म्हणतात, माझी थोडी सुधारते, मग माझी जर्मेनियम मिसळलेली धरू का? डेटाशीटवर अक्षरही नाही.

हीच फायबर ठेवून 1310 नॅनोमीटरचा लाइट सोर्स लावला तर निभेल, का सर्न या प्रयोगशाळेत एलएचसी या कणत्वरकाला वापरतात तशी फ्लोरीनवालीच मागवू? आणि जॅकेट कसलं घ्यावं, टेफ्लॉन तर गॅमात भुगा होतं. कुणी स्वतः वापरलं असेल तर सांगा, शटडाउन पुढच्या महिन्यात आहे.