हार्वेस्टमध्ये (द्राक्षतोडणीच्या हंगामात) झोप उडालीय, वायनरीत काम करणाऱ्या कोणी आहेत का इथे?

चेनिन_नाशिक
पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी नाशिकजवळच्या एका वायनरीत लॅबला आहे, हा तिसरा हार्वेस्ट. जानेवारी लागला की पहाटेपासून क्रेट यायला सुरुवात, मग ब्रिक्स (रसातली साखर) बघा, पीएच (आंबटपणा) बघा, आंबणाऱ्या टँकांची सॅम्पलं काढा, मार्चपर्यंत हेच चालतं, रविवार कधी आला नि गेला कळत नाही. घरी पोचायला नऊ वाजतात. सासूबाई बोलत काही नाहीत पण ताट वाढताना भांडी जरा जास्तच वाजतात. आडवी झाले की टँकांचे आकडे डोळ्यांपुढे, आणि तीनला धडधडून जाग येते ती येतेच.
परवा एचआरनी माइंडफुलनेसचं सेशन ठेवलं, दुपारी दोनला, ऐन क्रशमध्ये, म्हणजे द्राक्षं चिरडायच्या घाईत!! बाई म्हणाल्या डोळे मिटा, श्वासाकडे बघा. मी डोळे मिटले आणि चक्क झोपले, शेजारणीनं कोपर मारलं तेव्हा उठले. हसू नका.
आता खरं कारण. हल्ली रात्री एक ग्लास वाइन घेतल्याशिवाय झोपच लागत नाही. कामावर टेस्टिंगला, म्हणजे वाइन चाखताना, मी सगळं थुंकते, त्यात हयगय नाही, पण घरी आल्यावर मात्र... नवऱ्याला माहितीये. माहेरी तर अजून "फूड कंपनीत आहे" एवढंच सांगितलंय. तुम्ही कसं निभावता?

सेलरवाली_ताई
अगं झोपलीस ते उत्तम केलंस, त्या दुपारी तुला तेच हवं होतं. मी सेलरमध्ये, म्हणजे वाइनच्या टँकांपाशी, अकरा वर्षं काढलीत म्हणून हक्कानं सांगते. त्या ग्लासानं झोप लवकर लागते हे खरंय, पण उतरायला लागली की मध्यरात्रीनंतर झोप मोडते, म्हणजे तुझे ते तीन वाजणं निम्मं तरी त्याच्यामुळे असेल. मी पण केलंय हे, दुसऱ्या की तिसऱ्या हंगामात. मी एकदम सोडायचं वगैरे ठरवलं नाही, फक्त बाटली घरी न्यायची बंद केली. स्टाफच्या दरात मिळते ना, तिथेच गोची आहे आपली. आणि थुंकलं तरी थोडी तोंडातून आत जातेच, चाळीस सॅम्पलं केलीस तर तो दिवस कोरडा धरू नकोस. दिवस राहिले असतील किंवा राहायचे असतील तर टेस्टिंग सरळ दुसऱ्याकडे दे, कोण काय म्हणेल बघू नकोस.
अजून एक विचारते, दुपारी डोकं जड होतं का? धाप लागते का? सगळंच टेन्शनवर ढकलू नका गं बायांनो. एक लिटर रस आंबताना पन्नासेक लिटर कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याला वास नाही, हवेपेक्षा जड म्हणून खाली साचतो, आणि आपण नेमके वाकून खालच्या व्हॉल्व्हमधून सॅम्पल काढत असतो. एक्झॉस्ट चालू आहे का, गॅसचा मीटर आहे का हे आधी विचार. रिकाम्या टँकमध्ये डोकं घालून वास घ्यायचा नाही, एकटीनं तर नाहीच नाही.

शनिवार_रविवार_ड्युटी
मी टेस्टिंग रूमला, पाहुण्यांना वाइन चाखायला देते. आमच्याकडे आकडे नाहीत, माणसं आहेत 😄 लाँग वीकेंडला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग, आणि चौथ्या ग्लासानंतर "मॅडम तुम्हीपण घ्या ना आमच्याबरोबर". आठ तास उभं राहून हसायचं, घरी गेल्यावर पोरीशी बोलायला तोंड उघडत नाही. मला श्वासाबिसापेक्षा उपयोग झाला तो मॅनेजरशी भांडून ठरवलेल्या एका नियमाचा, टेबलावरचं कोणी वाह्यात बोलायला लागलं की मी काही न बोलता आत जायचं आणि पुढचं टेबल एका दादानं घ्यायचं. २०१३ च्या पॉश कायद्यात (कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा) पाहुण्यांनी केलेला त्रास पण येतो, हे आमच्या निम्म्या मुलींना माहीतच नव्हतं. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे त्यासाठी तक्रार समिती हवीच.
आणि माहेरचं म्हणशील तर, २०२२ ला सुपरमार्केटमध्ये वाइन विकायचा निर्णय झाला होता ना, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस नुसता गोंधळ होता आणि मी तिथेच सगळ्यांसमोर लिहिलं की मी ह्याच धंद्यात आहे. एक काकू अजून बोलत नाहीत. बाकीच्या डिस्काउंट विचारतात.

दिंडोरीची_बागायतदार
वाचतेय कधीची. राग मानू नका, पण तुमच्या त्या सेशनला तोडणीच्या बायांना बोलावलं होतं का? आमच्याकडे सुरगाणा, पेठकडच्या टोळ्या येतात. ऊन चढायच्या आत माल काढायचा म्हणून अंधारात बॅटरी डोक्याला बांधून तोडणी सुरू. बायका पाणी कमी पितात, का, तर बागेत जायला आडोसा नाही. मग लघवीची जळजळ, चक्कर. मागच्या वर्षी मी बांधाला पत्र्याची मोरी बांधली आणि भरलेलं क्रेट दोघींनी मिळूनच उचलायचं असं मुकादमाला बजावलं. एक मावशी म्हणाली, ताई आता पोटभर पाणी पिते. याला वेलनेस म्हणतात की नाही माहीत नाही. तोडणीनंतरच्या खरड छाटणीला परत त्याच बाया आल्या, एवढं खरं.

इगतपुरी_रिटर्न
माइंडफुलनेसला एवढं धोपटू नका हो 🙂 आपल्याच जिल्ह्यात धम्मगिरी आहे, इगतपुरीचं विपश्यना केंद्र. मी एप्रिलमध्ये, हार्वेस्ट आटोपल्यावर, दहा दिवस जाऊन आले. फोन नाही, बोलणं नाही, राहण्याजेवण्याची फी नाही, पहाटे चारला घंटा. पहिले तीन दिवस फक्त नाकाखालचा श्वास. आपलं पोटच नाकावर चालतं, तरी मला पहिल्या दिवशी दोन मिनिटं जमेना, आंबलेल्या टँकचेच विचार. चौथ्या दिवशी रडले खूप. पण धडधड जोरात असेल तर आधी डॉक्टरला दाखव, तशीच दहा दिवस मौनात जाऊन बसू नकोस. आणि आत्ता रात्री तीनला कोणाशी तरी बोलावंसं वाटलं तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. मी एकदा केलाय. पलीकडच्या बाईंना आंबवण म्हणजे काय ते समजावण्यातच माझं अर्धं टेन्शन गेलं.

चेनिन_नाशिक
सगळ्यांना एकदमच उत्तर देते, आज चक्क सात वाजता घरी आलेय. ताई, दुपारी डोकं जड होतंच, मी चष्म्याचा नंबर वाढला समजत होते. मीटर आहे म्हणे, पण कपाटात, सेल संपलेला!! आज मीच सेल आणून टाकले. बुडलेल्या रविवारांची बदली सुट्टी सरांकडे लेखी मागितली, बघू म्हणाले, म्हणजे अजून दोन मेल टाकावे लागणार. बाटलीचं अजून जमलं नाहीये, काल नाही घेतली, आज माहीत नाही. दिंडोरीच्या ताई, बोलावलं नव्हतं, मला तेव्हा सुचलंही नाही. आमच्याकडे माल देणाऱ्या बागांमध्ये मोरी आहे का हे विचारायचं तर कोणाला विचारू, परचेसला की फील्डवाल्यांना?

दिंडोरीची_बागायतदार
फील्डवाल्यांना. आणि पत्र्याचा खर्च काय आला ते मी मेसेज करते, तो दाखव, खर्च म्हटला की लगेच ऐकतात.