बिल मंजुरीचा नकाशा काढला, पण दिवस जातात कुठे?

प्रश्न: आमच्याकडे पुरवठादाराचं बिल मंजूर व्हायला अकरा दिवस लागतात. सगळ्या पायऱ्या चिकटचिठ्ठ्यांवर लिहून भिंतीवर लावल्या. चौदा झाल्या, पण एकही काम पंधरा मिनिटांच्या वर नाही! मग अडतंय कुठे?

उत्तर: चिठ्ठ्या सोडा, मधले बाण बघा. कागद प्रत्येक बाणावर किती वेळ नुसता पडून असतो ते लिहा. १९४७च्या अमेरिकन मानकात प्रोसेस चार्टसाठी, म्हणजे कामाच्या पायऱ्यांच्या तक्त्यासाठी, पाच खुणा ठरल्या, त्यात थांबण्याला स्वतंत्र खूण होती, इंग्रजी 'डी'. मी तर एका बिलामागे टेबलाटेबलावर फिरले होते. विचारून कळत नाही हो, सगळे नियमातलंच सांगतात.

उत्तर: भिंतीवर प्रत्येक विभागाला आडवा पट्टा द्या, त्याच्या चिठ्ठ्या त्यातच लावा. कागद मागे फिरतो तिथे लाल बाण.

मूळ प्रश्नकर्ता: फिरलो. सहीच्या ट्रेमध्ये चार दिवस, आणि ऑर्डर क्रमांक नाही म्हणून बिल खरेदी विभागातून दोनदा परत! लाल बाण तिथेच दाटलेत. सोमवारपासून क्रमांक आवक टेबलावरच तपासतोय. सहीचं मात्र साहेबांशी बोलायचंय, भिंतीसमोर उभं करूनच.