बहिणीच्या पहिल्या अल्बमचं कव्हर: सल्ला हवा आहे

कऱ्हाकाठ
नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचा पहिला अल्बम येतोय. आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या, आठ गाणी, सोबत गिटार आणि थोडा सिंथेसायझर. नाव 'पहिली वैरण' (वैरण म्हणजे जात्यात दळायला घालायची धान्याची मूठ). रेकॉर्डिंग, मिक्सिंग उरकलं आणि घोडं अडलंय कव्हरवर.

ओळखीच्या एका मुलाने दोन नमुने करून दिले. एकात बहीण नऊवारीत, नथ, शेजारी जातं, मागे तुळशीवृंदावन, वर सूर्योदय आणि खाली सगळ्या वादकांची नावं. आईचं मत यालाच. दुसऱ्यात नुसता काळा चौकोन आणि मधोमध बारीक इंग्रजी अक्षरांत नाव. बहीण यावर अडून बसलीय. मला दोन्ही पटत नाहीत, पण का ते धड सांगता येत नाही.

बजेट पंधरा हजारांच्या आसपास. मुख्यतः स्ट्रीमिंगवर जाणार, शिवाय कार्यक्रमांत द्यायला थोड्या सीडी. चेहरा हवाच का? चित्रकार गाठावा की फोटोग्राफर? लिहून काय घ्यावं? जाणकारांनी हातचं न राखता सांगावं.

भटका_बोका
वाचतोय. एआयला सांगून बघा की, दोन मिनिटांत फुकट होईल.

शाईचा_डाग
बोकोबा, करून बघा आणि 'वैरण' लिहून आणायला सांगा. काय अक्षरं येतील ती इथे डकवा, चुकली तर सगळ्यांची करमणूक होईल.

कऱ्हाकाठ, हाच माझा धंदा आहे म्हणून जरा लांबण लावतो. आईंनी पसंत केलेला नमुना म्हणजे नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. (त्यांना सांगू नका.) प्लेलिस्टमध्ये कव्हर अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं. तेवढं लहान करून बघा: नथ गायब, तुळस म्हणजे हिरवा ठिपका, नावं वाचता येत नाहीत. वादकांची नावं श्रेयनामावलीत जातात, कव्हरवर नाही. काळ्या चौकोनाची अडचण वेगळी. तो लहान करूनही टिकेल, पण उद्या कुणी टेक्नो (इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत) काढला तर त्यालाही चालेल. ओव्यांशी त्याचा संबंध काय?

एकच गोष्ट निवडा. आजीचं जातं घरात आहे का? असेल तर खुंट्याकडे (फिरवायच्या लाकडी दांड्याकडे) नीट बघा. वर्षानुवर्षं हात फिरून लाकडाला जी काळपट चकाकी येते ती कुठल्याही स्टुडिओत मिळत नाही. वरचा दगड उचलून बाजूला ठेवला तर टाकी (छिन्नी) लावल्याचे घाव दिसतील. सकाळी खिडकीतून आडवा उजेड येतो तेव्हा ते रेघ न् रेघ उठतात, भर दुपारी दगड सपाट दिसतो. फ्लॅश बंद. खुंट्यावर बहिणीचा हात, मनगटापर्यंतच. बास.

बहुतेक डिस्ट्रिब्युटर (स्ट्रीमिंग ॲपवर गाणी पोचवणाऱ्या कंपन्या) ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौरस चित्र मागतात, आरजीबीमध्ये (पडद्यासाठीच्या रंगांत). नेहमीचा १२ मेगापिक्सेलचा फोन साधारण ४०३२ बाय ३०२४ चा फोटो काढतो. म्हणजे चौरस कापल्यावर हातात जेमतेम ३०२४ उरतात, आणखी कापायला वावच नाही. त्यामुळे फोनवर काढणार असाल तर चौकट तिथेच, काढतानाच ठरवा. नाहीतर एका सकाळीपुरता कॅमेरेवाला गाठा.

तंबोरा_तुटका
शाईबुवांशी अर्धा सहमत. मी कार्यक्रम करणारी बाई आहे. नवीन गाणारीचं नाव लोकांच्या लक्षात राहत नाही, चेहरा राहतो. कार्यक्रम संपल्यावर 'ते हाताचं चित्र असलेलं' म्हणून कुणी शोधत नाही. पहिल्या अल्बमवर चेहरा हवाच. मात्र सजवलेला नको, गाताना कसा असतो तसा.

शाईचा_डाग
ताई, जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडचा पहिलाच अल्बम बघा, १९७९ सालचा. डिझायनर पीटर सॅव्हिलने एका पल्सारच्या (ठरावीक ठेक्यात लहरी सोडणाऱ्या ताऱ्याच्या) रेडिओ लहरींचा आलेख काळ्यावर पांढरा छापला. पुढच्या बाजूला चेहरा नाही, बँडचं नाव नाही, अल्बमचंही नाही. आज ती बँड कधी न ऐकलेली पोरंही तो आलेख टीशर्टवर घालून फिरतात.

तंबोरा_तुटका
टीशर्ट खपले, गाणी किती जणांनी ऐकली? आणि त्यांच्यामागे फॅक्टरी रेकॉर्ड्स ही कंपनी होती, हिच्यामागे भाऊ आहे.

शाईचा_डाग
हा वार बसला. तरी सांगतो, ॲपमध्ये कव्हरखाली नाव छापलेलं असतंच आणि कलाकाराच्या पानावर तिचा फोटोही असतो. तिथे चेहरा द्या, उत्तम काढून द्या. सगळं ओझं एकाच चौकोनावर कशाला?

भटका_बोका
मला एक सुचलं! जातं वरून बघितलं तर ग्रामोफोनची तबकडीच दिसते की. गोल, मधे भोक. तसंच काढा!

शाईचा_डाग
बोकोबा, कल्पना वाईट नाही, म्हणूनच धोक्याची. बघताक्षणी टाळी मिळते आणि आठवड्यात शिळी होते. शिवाय नखाएवढं केलं की उरतो फक्त करडा गोल.

अक्षरवेडी
चेहरा-हाताचं तुम्ही बघा, मी अक्षरांचं सांगते. नाव देवनागरीत असू द्या, कृपा करून. टाइप करायचंच असेल तर फॉन्ट बनवणाऱ्या 'एक टाइप' संस्थेचे मुक्ता, बलू, मोदक हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, विकायच्या वस्तूवर वापरले तरी चालतात. 'पहिली'मधला ल तपासा. बऱ्याच फॉन्टमध्ये आपोआप हिंदी वळणाचा ल येतो, मजकुराची भाषा मराठी निवडली की काहींत आपला येतो. अक्षरं फुटून वेलांटी भलतीकडे गेली तर जुन्या फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांची सोय चालू केलेली नाही असं समजा.

पण माझं ऐकाल तर फॉन्ट नकोच. नाटकांच्या जाहिरातींत अक्षरकार कमल शेडगे नाटकाचं नाव असं काढायचे की त्याची जात अक्षरांवरूनच कळायची. सुलेखन करणाऱ्या कुणाकडून 'पहिली वैरण' एवढंच लिहून घ्या. किंवा आजी लिहीत असतील तर त्यांच्याच अक्षरात, वहीवर, शिसपेन्सिलीने.

खडूस_वकील
आता रुक्ष भाग. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९. हक्क हस्तांतर लेखी हवं आणि देणाऱ्याची सही हवी, तोंडी 'घे रे, तुझंच आहे' चालत नाही. त्या कागदात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षंच धरतात. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. अल्बम जगभर आणि कायमचा जाणार, तेव्हा या दोन्ही गोष्टी शब्दांत लिहून घ्या. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. डिझाइन आणि अक्षरांच्या बाबतीत असं गृहीत धरू नका. सीडी, पोस्टर, टीशर्ट हे वापरही त्याच कागदात घाला. एका पानात मावतं. आणि त्या ओळखीच्या मुलाला दोन नमुन्यांचे पैसे द्या. फुकट काम घेऊन मग नाकारणं बरं नव्हे.

कऱ्हाकाठ
सर्वांचे आभार. जातं आहे, माळ्यावर. आई म्हणाली धुऊन पुसून देते, तिला कसंबसं थांबवलं. बहिणीला हाताची कल्पना आवडली. आईला चेहरा हवाच आहे, तर सीडीच्या आतल्या पानावर गातानाचा फोटो घेऊ. आजीचं अक्षर मात्र जमणार नाही, ती लिहायला शिकलीच नाही, त्यामुळे सुलेखन करून घेऊ. कव्हर डिस्ट्रिब्युटरकडून परत येऊ नये म्हणून आणखी काय बघायचं? आणि सीडीला तीच फाइल चालेल का?

शाईचा_डाग
धुऊ देऊ नका! कडेला अडकलेलं पीठ असेल तर तेच हवंय.

कव्हरवर वेबसाइट, इन्स्टाचं नाव, क्यूआर कोड, किंमत, 'लवकरच येत आहे' यातलं काहीही घालू नका, परत येतं. फॉर्ममध्ये भरलेलं अल्बमचं आणि कलाकाराचं नाव कव्हरवरच्या नावाशी जुळायला हवं. लहान फोटो ताणून ३००० करू नका, धूसर म्हणून नाकारतात. सीडीचं पान १२ सेंटीमीटरचं, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साधारण १४२० पिक्सेल लागतात, म्हणजे तुमची फाइल पुरून उरते. उद्या एलपी (मोठी तबकडी) काढायची हौस आली तर मात्र ३००० कमी पडतील, तिला ३७०० च्या आसपास हवेत. छपाईला फाइल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांत) बदलावी लागते आणि काळपट लाकूड त्यात मातकट होऊ शकतं. सगळा गठ्ठा छापण्याआधी प्रेसमध्ये उभं राहून एक प्रत काढून बघा.

पैशांचं म्हणाल तर अर्धे फोटोला, उरलेल्यातले बरेचसे अक्षरांना. जुळवणीला फार लागत नाही. तो ओळखीचा मुलगाच करेल, त्याला सूर्योदय तेवढा वगळायला सांगा.

तंबोरा_तुटका
आणि श्रेयनामावलीत आजींचं नाव सगळ्यात वर टाका. ओव्या त्यांच्याकडून आल्यात.

भटका_बोका
झालं की इथे टाका. तबकडीचा मुद्दा मी सोडलेला नाही.