खेड्यातल्या शाळेत जगाची ओळख : आपले अनुभव लिहा

आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०१८ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलांची जागतिक सक्षमता प्रथमच तपासली. प्रश्नाचा मुळापासून विचार करणे, दुसऱ्याची बाजू समजून घेणे, परक्यांशी मोकळेपणाने पण आदराने बोलणे आणि सर्वांच्या हितासाठी कृती करणे, हे तिचे चार पैलू. विदर्भातील खेड्यांत यांपैकी काय साधले आणि काय फसले, ते शिक्षक व पालकांनी येथे लिहावे. व्याख्या नकोत, घडलेले हवे.

यवतमाळ जिल्हा, सातवीचे वर्गशिक्षक
ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क तात्पुरते उठवले, तेव्हा शेतात पऱ्हाटी उभी होती आणि घरोघरी हाच विषय होता. बाहेरचा कापूस स्वस्त येऊन आपला भाव पडेल, म्हणून वर्गाने एकमुखाने सरकारला दोष दिला. मी त्यांचे चार गट केले : आपला शेतकरी, सूतगिरणीचा मालक, अमेरिकेतील कापूस उत्पादक आणि तमिळनाडूतील तिरुपूरच्या कपडे कारखान्यातली शिलाई कामगार. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावल्यामुळे तिच्या कामावर गदा आली होती, हे मुलांना आधी ठाऊकच नव्हते. त्या गटातील मुलगी म्हणाली, “आमचे काम गेले, तर तुमचा कापूस कोण घेणार?” तेच वाक्य तिने घरीही ऐकवले असावे, कारण दुसऱ्या दिवशी वडील शाळेत आले. “पोरीले आमच्याच विरोधात शिकवून ऱ्हायले का, गुरुजी?” मी तिची वही पुढे केली. खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावातच कापूस घेतो तेव्हा, वजनात किती कापले जाते, याचे पाच प्रश्न तिने व्यापाऱ्यासाठी लिहून ठेवले होते. ते बराच वेळ वाचत बसले; पटले की नाही, हे मात्र बोलले नाहीत.

धारणी तालुका, शिक्षिका
आमची मुले शाळेत कोरकू बोलायला लाजत. कोरकू ही मराठीची बोली नसून मुंडा या आदिवासी भाषांच्या गटातील भाषा आहे, झारखंडची संथाली तिची बहीण आणि कंबोडियाची ख्मेर तिची दूरची नातलग, हे मी नकाशावर दाखवले. कोरकूत पाणी म्हणजे ‘डा’, संथालीत ‘दाक्’, एवढे सांगताच शेवटच्या बाकावरचा मुलगा स्वतःहून फळ्यापाशी आला. इंग्रजी संभाषणाच्या तासाला तो कधी उठला नव्हता.

वर्धा जिल्हा, मुख्याध्यापक
आमचे फसले. परदेशातील एका शाळेशी व्हिडिओ कॉल ठरला, आणि आम्ही महिनाभर नृत्य व फेटे यांचीच तयारी केली. मुलांनी समोरच्यांना एकही प्रश्न विचारला नाही, कारण प्रश्न विचारण्याची तालीम आम्ही घेतलीच नव्हती. पुढे नेटवर्क गेले, याचे मला मनातून बरेच वाटले.

वरुड, पालक
बांगलादेशाने आयात शुल्क वाढवल्यापासून आमच्या संत्र्याची तिकडची वाट अवघड झाली आहे, आणि त्या देशावर राग काढणे आमच्या घरी नित्याचे आहे. वरचा यवतमाळचा अनुभव वाचून मी नववीतल्या मुलाला विचारले की, ढाक्याच्या फळविक्रेत्याचे या शुल्काने काय झाले असेल. संत्र्याला तिकडे ‘कमला’ म्हणतात, एवढे त्याने त्याच रात्री शोधून काढले. विक्रेत्याचे उत्तर तो अजून शोधतो आहे.