मदत हवी आहे: जर्मनीतल्या एका सत्रासाठी अर्थशास्त्र, जलविज्ञान आणि इतिहास यांची मोट कशी बांधू?

मुळामुठा

मंडळी, धागा लांबणार आहे, पण कृपया शेवटपर्यंत वाचा. विषयांची यादी पाठवायला बाराच दिवस उरलेत आणि घरात सल्ला देऊ शकेल असं कुणी नाही.

मी पुण्यातल्या एका स्वायत्त कॉलेजात नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांची पदवी करतेय. मेजर अर्थशास्त्र, मायनर भूगोल. तिसरं वर्ष नुकतंच संपलं. कॉलेजचा जर्मनीतल्या एका विद्यापीठाशी करार आहे आणि सातव्या सत्रासाठी माझी निवड झालीय. ऑक्टोबरच्या मध्याला वर्ग सुरू होतात, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात संपतात. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन बी-१ पर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत झालंय. म्हणजे दुकानात अडत नाही, पण दीड तासाचं व्याख्यान डोक्यावरून जाऊ शकतं.

विषयांची निवड अशी का, ते सांगते, नाहीतर यादी विचित्र वाटेल. माझी आजी शनिवार पेठेतली. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. त्या वाड्यातला एक पितळी डबा अजून तिच्याकडे आहे. झाकणाच्या आतल्या खोबणीत पुराचा गाळ बसलाय, वाळून दगड झालेला. डबा बाहेरून लखलखीत असतो, पण ती खोबण तिने कधी घासली नाही. मी एकदा काडी घेऊन बसले तर म्हणाली, "राहू दे, त्या घरातलं तेवढंच उरलंय."

अर्थशास्त्रात पाणी आम्हाला एका प्रकरणात भेटलं, 'सामायिक संसाधने' या नावाखाली, दोन तासिकांत. भूगोलात पाणलोट क्षेत्र आलं, पण धरणातून सोडलेलं पाणी कुणाला आणि काय भावाने मिळतं, हे नाही. मला एकच नदी तिन्ही बाजूंनी बघायचीय: पाणी वाहतं कसं, त्याची किंमत कोण ठरवतं, आणि नदीला माणसांनी आजवर काय काय केलं. पुढे एम.ए.लाही हाच विषय धरायचाय.

यजमान विद्यापीठाचं मोडूलहांडबुख, म्हणजे सगळ्या अभ्यासक्रमांची माहितीपुस्तिका, चाळून मी हे निवडलं:

पर्यावरणाचं अर्थशास्त्र, ६ ईसीटीएस (म्हणजे युरोपातले क्रेडिट), इंग्रजीत.
इकॉनॉमेट्रिक्स (अर्थशास्त्रातलं संख्याशास्त्र), ६, इंग्रजीत.
युरोपातली जलनीती, ६, इंग्रजीत. पण हा राज्यशास्त्राकडे आहे.
जलविज्ञानाची ओळख, ५, जर्मनमध्ये.
जीआयएस (संगणकावरचे नकाशे), ३. फेब्रुवारीच्या शेवटी सलग पाच दिवस.
ऱ्हाइन नदीचा इतिहास, सेमिनार, ८, जर्मनमध्ये.
आणि जर्मन भाषा, ३.

एकूण ३७. तिथे एका सत्राचा भार ३० धरतात. आमचं कॉलेजही ३० ईसीटीएसचे २० क्रेडिट धरणार आहे. हिशोब बरोबरच आहे, कारण आपल्याकडे वर्षाला ४० क्रेडिट आणि तिथे ६०. भाषेचे क्रेडिट कॉलेज धरत नाही. आणखी एक अट अशी, की ३० पैकी किमान १६ 'अर्थशास्त्राचे' हवेत. माझे निर्विवाद फक्त १२ होतात.

रविवारी जेवणाच्या टेबलावर चौकटीचा कागद पसरून रंगीत पेन्सिलींनी वेळापत्रक आखलं. मंगळवारी १० ते १२ जलविज्ञान, आणि नेमका त्याच वेळी इकॉनॉमेट्रिक्सचा सरावतास. दोन्ही रंग एकाच चौकोनात.

आमच्या कॉलेजची एक ताई दोन वर्षांपूर्वी अशीच गेली होती. आल्यावर तिचे दोन विषय 'समकक्ष नाहीत' म्हणून नाकारले आणि तिला ते इथे पुन्हा द्यावे लागले. मला त्याचीच धास्ती आहे. बाबा म्हणतात, सगळं अर्थशास्त्रच घे आणि मोकळी हो. पण तसंच करायचं तर इतक्या लांब कशाला जायचं?

कोणता विषय सोडू? आणि परत आल्यावर क्रेडिट नक्की मिळावेत म्हणून जायच्या आधी काय काय करून ठेवू?

दोनचाकी

अभिनंदन! मी पुण्याहूनच गेले होते, अभियांत्रिकीच्या एका सत्रासाठी, त्यामुळे जर्मनीचा भाग सांगू शकते.

आधी तो मंगळवारचा चौकोन, कारण ती अडचण बहुतेक नाहीच. फोरलेझुंग म्हणजे व्याख्यान, ते एकदाच असतं. यूबुंग म्हणजे सरावतास. मोठ्या विषयाला त्याचे बहुधा चार-पाच गट असतात, वेगवेगळ्या वारी. तू पुस्तिकेत पहिला गट बघितला असशील. विद्यापीठाच्या ऑनलाइन वेळापत्रकात त्या विषयाखालचे सगळे गट उघडून बघ. आणि वेळेपुढे 'सी.टी.' लिहिलं असेल तर तास सव्वा दहाला सुरू होतो. इमारत बदलायला ती पंधरा मिनिटं पुरतात.

आता मुख्य मुद्दा. विषय नावावरून निवडू नकोस, परीक्षा कशी आहे त्यावरून निवड. माझ्या पहिल्या यादीत मी हे बघितलंच नव्हतं. क्लाउझुर म्हणजे लेखी परीक्षा, ती फेब्रुवारीत आटोपते. पण सेमिनारला हाउसआर्बाइट असतो, पंधरा-वीस पानांचा निबंध. तो द्यायची मुदत बऱ्याचदा ३१ मार्चपर्यंत असते, कारण हिवाळी सत्र कागदोपत्री तोवर चालतं. मग प्राध्यापक तपासणार, गुण चढणार, हे सगळं होईतो मे उजाडतो. तुझं आठवं सत्र तेव्हा संपत आलेलं असेल आणि सातव्याची गुणपत्रिका पूर्ण नसेल. पुण्याला परत येऊन, इथली सबमिशनं सांभाळत, जर्मनमध्ये वीस पानं लिहायची! शिवाय ऱ्हाइनचा इतिहास म्हणजे जुनी छापील साधनं फ्राक्टुर लिपीत, म्हणजे जुन्या टोकदार जर्मन अक्षरांत असणार. बी-१ वर ते वाचवत नाही गं. मी बी-२ करून गेले होते, तरी रडकुंडीला आले होते.

पण सेमिनार सोडू नकोस. प्राध्यापकांना आत्ताच मेल कर: मी एका सत्रासाठी येतेय, हाउसआर्बाइट न लिहिता, हजेरी आणि एका सादरीकरणावर कमी क्रेडिट मिळतील का? अनेक विभागांत अशी सोय असते, ३ किंवा ४ ईसीटीएस देतात. नाहीच म्हणाले तर नुसतं बसायची परवानगी माग.

जलविज्ञान जर्मनमध्ये असलं तरी घे. समीकरणं आणि आलेख भाषा न बघता कळतात. पूर्वअट म्हणून गणित आणि भौतिकशास्त्र लिहिलं असेल तर भूगोलाच्या मायनरचा अभ्यासक्रम जोडून विचार, चालतो का.

आणि एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेव: विषयाला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेला नाव नोंदवलं असं होत नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी, तिची मुदत वेगळी, आणि ती चुकली की सत्रभर पहिल्या बाकावर बसलेलीलाही शून्य क्रेडिट.

बावधनची आई

आईच्या नात्याने दोन ओळी. माझा मुलगा युरोपात शिकतोय. पहिल्या सत्रात हौसेने सात विषय घेतले, डिसेंबरात दोन सोडले. तिकडे डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, स्वयंपाक स्वतःचा, कपडे स्वतःचे. ३० च्या वर एकही घेऊ नकोस. भाषेचा वर्ग मात्र ठेव, क्रेडिट मिळो न मिळो. त्याच वर्गात त्याला जेवायला बोलावणारी माणसं भेटली.

निवृत्त पेठकर

बाळ, मी पुण्यात तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं आणि त्यातली काही वर्षं अभ्यास मंडळावर काढली. तुझ्या त्या ताईसारखी प्रकरणं आमच्यासमोर यायची, तेव्हा टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो.

समकक्षता ठरवताना आमच्यापुढे असायचं फक्त विषयाचं नाव आणि एक आकडा. 'जलनीती, राज्यशास्त्र विभाग' एवढंच वाचून कुणीही नाहीच म्हणेल. त्यामुळे नावं पाठवू नकोस, पानं पाठव. प्रत्येक विषयाचं मोडूलहांडबुखमधलं पान, त्याचा मराठी किंवा इंग्रजी अनुवाद, विषयाचा संकेतांक, आठवड्याचे तास, परीक्षेचं स्वरूप, आणि शेजारी आपल्या अभ्यासक्रमातला तो कुठे बसतो ते. विभागप्रमुखांची सही आणि कॉलेजचा शिक्का त्या तक्त्यावर घे, निघायच्या आधी. मेलवर 'ओके' आलं म्हणजे मंजुरी मिळाली असं समजू नकोस. विभागप्रमुख बदलतात, मेल हरवतात, शिक्क्याचा कागद राहतो.

तुझे चार क्रेडिट कमी पडतायत, त्याचं उत्तर जलनीतीतच आहे. युरोपीय संघाचा पाण्याविषयीचा चौकट निर्देश, म्हणजे सदस्य देशांना पाळावा लागणारा कायदा, २००० सालचा. त्याच्या नवव्या कलमात पाणीपुरवठ्याचा खर्च, पर्यावरणाच्या हानीसकट, वापरणाऱ्यांकडून वसूल करण्याचं तत्त्व आहे. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हेही त्यातच. हे किंमतनिर्धारण आहे, म्हणजे अर्थशास्त्रच. त्या विषयाच्या आठवडावार आराखड्यात हे कलम असेल तर त्यावर खूण करून अभ्यास मंडळापुढे ठेव. मान्य झालं तर तुझे १८ होतात. न झालं तर सार्वजनिक वित्ताचा एखादा विषय पर्याय म्हणून त्याच तक्त्यात आत्ताच मंजूर करून घे, म्हणजे तिथे जाऊन बदल करावा लागला तरी धावपळ नको. इरॅस्मस या युरोपीय संघाच्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेखाली जात असशील तर सत्राच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांत विषयांच्या करारपत्रात बदल मागता येतो. इतर करारांत काय मुदत आहे ते विचारून घे.

बाबांनाही एक सांग. पाण्याकडे अनेक बाजूंनी बघणं हे आपल्या विषयाला नवं नाही. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांनी शेतकऱ्याचं आणि आसपासच्या गावांचं काय झालं, याची पाहणी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून केली, ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. हे काम आपल्या बीएमसीसी रस्त्यावर झालंय. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांची पदवी राज्यशास्त्रातली आणि १९६५ चा प्रबंध लॉस एंजेलिसजवळच्या भूजलावरचा. विहिरींत समुद्राचं पाणी शिरायला लागल्यावर उपसा करणाऱ्यांनी आपसांत काय व्यवस्था लावली, ते त्यांनी तिथे तपासलं.

जाण्याआधी एक दिवस काढून खडकवासल्याला जा. १९१६ पासूनची जल व विद्युत संशोधन शाळा तिथेच आहे, धरणांची आणि नद्यांची लहान प्रतिरूपं करून पाणी सोडून बघतात. आत जायला परवानगी लागते, कॉलेजचं पत्र घेऊन जा. जलविज्ञानाच्या वर्गात बसशील तेव्हा ते डोळ्यांसमोर असू दे.

दोनचाकी

काकांच्या तक्त्यात एक रकाना वाढव: गुणांचं रूपांतर कसं होणार. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. आपल्या कार्यालयात कुणी ४ हा आकडा चांगला समजेल, कुणी १ ला नापास समजेल. परदेशी गुण जर्मन श्रेणीत न्यायला तिथे सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. तेच उलटं लावणार की कॉलेजचा वेगळा तक्ता आहे, हे लेखी घे.

मुळामुठा

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस नुसती मेल लिहीत होते, म्हणून उशीर.

दोनचाकी ताई, तू म्हणालीस तसंच निघालं. इकॉनॉमेट्रिक्सच्या सरावाचे पाच गट आहेत, मी गुरुवारी दुपारचा घेतला. सेमिनारच्या बाईंचं दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: एक सादरीकरण आणि हजेरी, ४ ईसीटीएस. विषयही सुचवलाय, १८१७ पासून टुला या अभियंत्याने ऱ्हाइनची वळणं कापून नदी सरळ केली, त्यानंतर काठच्या गावांचं काय झालं. जुन्या साधनांचं वाचन आपण गटात करतो, असं त्यांनी स्वतःहून लिहिलंय.

म्हणजे आता ६, ६, ६, ५, ३ आणि ४, बरोबर ३०. भाषेचा वर्ग वेगळा, बावधनच्या काकूंनी सांगितलं म्हणून ठेवलाच. निबंध एकही नाही, त्यामुळे जीआयएस संपलं की मार्चच्या पहिल्या आठवड्यात परत.

काका, जलनीतीच्या सहाव्या आणि सातव्या आठवड्यात ते नववं कलम आहे! खूण करून तक्ता केलाय, पर्याय म्हणून सार्वजनिक वित्तही घातलंय. सोमवारी विभागप्रमुखांची वेळ मिळालीय. बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण तक्त्याच्या तीन प्रती त्यांनीच काढून आणल्या.

एवढंच विचारायचं राहिलं: जलविज्ञानाच्या पूर्वअटीत 'गणित १' आहे आणि माझं गणित बारावीपर्यंतचं, शिवाय संख्याशास्त्राचे दोन पेपर. जुलै-ऑगस्टमध्ये नेमकं काय करून जाऊ? कलनाची (कॅल्क्युलसची) उजळणी पुरेल, की अवकल समीकरणंही (डिफरन्शियल इक्वेशन्स) लागतील?

दोनचाकी

पहिल्या कोटीची साधी अवकल समीकरणं येऊ देत, तेवढं पुरे. टाकीत पाणी येतंय आणि तळाच्या भोकातून जातंय, पातळी किती वेळात किती होईल, हे गणित कागदावर सोडवता आलं की ओळखीच्या वर्गात अडणार नाहीस. धरणाचा हिशोबही तिथूनच सुरू होतो. शनिवारी सकाळी डेक्कनला असते, वही घेऊन ये, दोन तासांत सुरुवात करून देते. माझ्या विचारपुशीत निरोप टाक.