बाबांचा विसराळूपणा: फिरायला न्यावं की विपश्यनेला पाठवावं?

प्रतापनगरची लेक
बाबा ७१ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. हल्ली नावं विसरतात. परवा नागपुरात गोकुळपेठच्या बाजारात एक जुना विद्यार्थी पाया पडला, बराच वेळ बोलत होता. बाबा नुसते हसत, मान हलवत उभे. कोण होता विचारलं तर म्हणाले, "काही लक्षात नाही." रात्री धड जेवले नाहीत. भाऊ म्हणतो विपश्यनेला पाठवू, माझं म्हणणं अंबाझरी तलावावर सकाळी फिरायला न्यावं. आता वाचलं की अमेरिकेतल्या अभ्यासात दोन्हींचा स्मरणशक्तीला उपयोग दिसला नाही. मग करायचं काय?

धंतोलीची फिजिओ
ताई, तो अभ्यास डिसेंबर २०२२ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ६५ ते ८४ वयाचे ५८५ जण, विसरायला होतं अशी तक्रार असलेले, पण डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार, नसलेले. काहींना व्यायाम, काहींना माइंडफुलनेस (विपश्यनेसारखंच ध्यान), काहींना दोन्ही, उरलेल्यांना फक्त आरोग्याची माहिती. सहा महिन्यांनी पाहिलं, दीड वर्षाने पाहिलं, गटांमध्ये म्हणण्यासारखा फरक नाही. त्याआधी २०११ मध्ये १२० जणांच्या अभ्यासात, वर्षभर चालणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी सांभाळणारा भाग, सुमारे २ टक्के वाढलेला दिसला होता. त्याचा खूप गाजावाजा झाला, पण या मोठ्या अभ्यासात तसं काही आढळलं नाही. म्हणून 'चाला, स्मरणशक्ती वाढेल' असा शब्द मी कुणाला देत नाही. चाला असं मात्र रोज सांगते, कारण बीपी, शुगर आणि वजन आटोक्यात राहणं मेंदूच्या पुढच्या वीस वर्षांसाठी मोलाचं आहे. दीड वर्षात ते कसं दिसणार?

पण मला तुमच्या पोस्टमधलं दुसरंच खटकलं. त्या विद्यार्थ्यानं नाव सांगितलं, ते बाबांना ऐकू आलं होतं का? हसून मान हलवणं कमी ऐकू येणाऱ्यांमध्ये मी फार पाहते. २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने डिमेन्शियाची १४ टाळता येण्याजोगी कारणं दिलीत, त्यात ऐकू कमी येणं अगदी वरच्यांत आहे. टीव्ही किती मोठा लावतात?

प्रतापनगरची लेक
खालच्या काकूंना बातम्या ऐकू जातात. फोन आला की आईकडे देतात. आम्हाला वाटायचं, बोलायचा कंटाळा येतो.

मानेवाड्याचे काका
बेटा, दहा दिवसांचं शिबिर मी केलंय. मन निवतं, माझी झोप सुधारली, त्यात शंका नाही. पण तिथे बोलायचं नसतं आणि शिकवणं सगळं रेकॉर्डवर. ऐकूच आलं नाही तर बाबा दहा दिवस बसतील, अन् हाती काही लागणार नाही. आधी कान दाखव.

धंतोलीची फिजिओ
काकांचं अगदी बरोबर. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा ओपीडीत दाखवा, ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी करून घ्या. कधी कधी नुसता मळ निघतो. सोबत बीपी, शुगर, बी-१२ आणि थायरॉइड तपासा. ओळखीचा रस्ता चुकू लागले किंवा पैशांच्या हिशेबात गडबडू लागले, तर वाट न बघता न्यूरॉलॉजिस्टला गाठा.

चालणं उद्यापासूनच सुरू करा, रिपोर्टसाठी थांबू नका. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्यात सकाळी सातच्या आत घरी या. आणि त्यांना एकटं पाठवू नका, मागून आलेल्या गाडीचा हॉर्न ऐकू येईलच असं नाही.