करटोलीला फुले भरपूर, पण फळ एकही नाही

गच्चीवाली, ठाणे

दोन वर्षांपूर्वी शहापूरच्या बाजारातून आणलेल्या करटोल्यांपैकी एक टोपलीतच राहून पिकले आणि उकलले. आतल्या लालभडक बिया पाहून त्या लावण्याचा मोह झाला. त्यांतून दोन वेल जगले. पहिल्या पावसाळ्यात नुसती पाने आली, हिवाळ्यात वेल वाळून गेले, आणि यंदा पावसाबरोबर कंदातून पुन्हा फुटून त्यांनी गच्चीवरची सगळी जाळी व्यापली. रोज संध्याकाळी पिवळी फुले उमलतात आणि दुसऱ्या दिवशी मलूल होऊन गळतात; फळ मात्र एकही धरलेले नाही. याच मातीत कारली आणि दुधी उत्तम येतात. चूक कुठे होत असावी?

हिरवी ओंजळ

फुलगळ बहुधा पोटॅशच्या कमतरतेमुळे होते. चुलीची राख मिळाल्यास मूठभर घालून पाहावी.

कंदमूळ, जुन्नर

राखेने येथे काही साधेल असे मला वाटत नाही, कारण तुमचे दोन्ही वेल नर असण्याची दाट शक्यता आहे. कारली, दुधी, भोपळा यांच्या एकाच वेलावर नरफुले आणि मादीफुले अशी दोन्ही येतात, म्हणून एक वेल असला तरी भागते. करटोलीत नरवेल वेगळा आणि मादीवेल वेगळा असतो. तिच्या शास्त्रीय नावातील ‘डायोइका’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘दोन घरांची’ असा आहे. सपुष्प वनस्पतींपैकी जेमतेम ५ ते ६ टक्के जातींत अशी फारकत आढळते. स्वतःचेच पराग स्वतःला लागण्याचा प्रश्न तिथे उरत नाही, पण जोडीदार जवळ नसेल तर वेल कितीही फुलला तरी उपयोग नाही.

खात्री करायची असेल तर उद्या संध्याकाळी एक फूल हातात घेऊन पाकळ्यांच्या खाली पाहा. मादीफुलाच्या देठावर, पाकळ्यांच्या लगेच खाली, बोटाच्या पेरापेक्षाही लहान, लवदार काट्यांचे इवलेसे करटोले आधीपासूनच असते. नरफुलाचा देठ तिथे सरळ आणि रिकामा असतो, आणि फुलाच्या बुडाशी द्रोणासारखे एक हिरवे पान कळीला कवेत घेऊन असते.

थोडे विषयाला धरूनच सांगतो. वनस्पतींतही नर-मादी असतात हे प्रयोगांनी दाखवणारे ट्यूबिंगनचे रुडॉल्फ कॅमेरॅरियस यांनी १६९४ साली प्रसिद्ध केलेल्या पत्रात अशाच फारकत झालेल्या झाडांचा आधार घेतला होता. नराचा शेजार नसलेल्या तुतीला फळे आली, पण त्यांतले बी पोकळ निघाले. करटोली तेवढीही मुरवत ठेवत नाही. पराग न मिळालेले इवलेसे फळ काही दिवसांत पिवळे पडून गळते.

गच्चीवाली, ठाणे

आज सुमारे वीस फुले तपासली. एकाखालीही फळ नाही, आणि द्रोणासारखे पान प्रत्येकाला आहे. म्हणजे दोन वर्षे मी नरांचीच सेवा केली! आता हे वेल काढून पुन्हा बिया लावाव्यात का?

बांधावरचा

वेल काढू नका, आणि बियांच्या नादीही पुन्हा लागू नका. बियांतून साधारण निम्मे नर निघतात आणि फूल येईपर्यंत ते ओळखू येत नाहीत. फळ लागलेल्या वेलाखालचा कंद मात्र हमखास मादीच देतो, कारण तो त्याच वेलाचा भाग असतो. मी एका रोपवाटिकेतून ‘मादी’ म्हणून घेतलेले चार कंद पुढे चारही नर निघाले, तेव्हापासून वेलावर फळ लोंबताना पाहिल्याशिवाय मी कंद घेत नाही. अशा वेलाशेजारी आत्ताच खूण म्हणून काठी रोवून ठेवावी आणि वेल वाळल्यावर मालकाच्या संमतीने कंद काढावा. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो, तेव्हा तुमच्या दोघांपैकी एक ठेवला तरी चालेल.

कंदमूळ, जुन्नर

एक भर घालतो. करटोलीचे फूल संध्याकाळी उमलत असल्याने दिवसा फिरणाऱ्या मधमाशीचा तिला फारसा उपयोग नाही. रानात हे काम निशाचर पतंग करतात. गच्चीवर ते येतीलच याचा भरवसा धरू नका. दिवेलागणीला ताजे नरफूल खुडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि मधले पिवळे केसर मादीफुलाच्या मधोमध हलकेच टेकवावे. एका नरफुलात दोन-तीन मादीफुले सहज होतात. पराग लागले असतील तर चार-पाच दिवसांत फळ फुगू लागते आणि साधारण दोन आठवड्यांत भाजीजोगे होते.

गच्चीवाली, ठाणे

शहापूरकडच्या ज्या मावशींकडून करटोली घेते, त्यांच्या बांधावर फळांनी लगडलेला वेल आहे. शनिवारी काठी घेऊन जाते.